शांततेतील पहिला हंगाम : वेस्ट पॉइंट, १९४६

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर हडसन नदी एका खडकाळ टेकाडाला वळसा घालून पुढे जाते. त्या टेकाडावर १८०२ पासून अमेरिकेची लष्करी प्रबोधिनी उभी आहे. स्थळाच्या नावावरून सारे जग तिला वेस्ट पॉइंट या नावाने ओळखते. यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेले ग्रँट आणि ली हे दोघेही येथील छात्र. पहिल्या महायुद्धातील पर्शिंग, दुसऱ्या महायुद्धातील मॅकआर्थर आणि आयसेनहॉवर हेही येथलेच. परंतु ज्या सामान्य अमेरिकन माणसाला युद्धशास्त्रात काडीचाही रस नाही, त्याच्या घरीही वेस्ट पॉइंटचे नाव दर शरद ऋतूत हटकून निघते आणि त्याचे कारण प्रबोधिनीचा फुटबॉल संघ हे होय.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो, आणि तो पायाने मारण्यापेक्षा हातात घेऊन धावण्याचे व फेकण्याचे प्रसंगच अधिक येतात. मैदान १०० यार्डांचे असते आणि प्रत्येक बाजूस ११ गडी असतात. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याला अंगावर झेप घेऊन खाली पाडणे हा बचावाचा मुख्य उपाय. आपल्या हुतुतूत गड्याला पकडून लोळवितात, त्याचीच ही अधिक रांगडी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार चेंडू नेला की ‘टचडाउन’ होतो. त्याचे सहा गुण मिळतात, आणि त्यानंतर चेंडू लाथेने खांबांमधून उडविला तर आणखी एक. हा सातवा गुण किरकोळ वाटतो खरा, पण पुढे ज्या सामन्याची हकीकत येणार आहे तेथे त्याची किंमत कळून येईल. संघाच्या चढाईची सूत्रे ज्याच्या हाती असतात, त्याला क्वार्टरबॅक असे म्हणतात.

वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिस येथील नौदल प्रबोधिनी यांच्यातील पहिला सामना १८९० मध्ये झाला, आणि नौदलाने तो २४-० असा जिंकला. लष्कराचा संघ उभा करणारा छात्र डेनिस मिकी हा पुढे १८९८ मध्ये क्यूबातील लढाईत मारला गेला. प्रबोधिनीच्या क्रीडांगणाला त्याचेच नाव दिलेले आहे. खेळाडू आणि सैनिक या दोन भूमिका येथे किती जवळ आहेत हे त्या नावावरूनच दिसते. आयसेनहॉवर हाही छात्रदशेत या संघातून खेळला. १९१२ मध्ये गुडघा दुखावल्यामुळे त्याला खेळ सोडावा लागला.

दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर मात्र हा संघ अगदी खालावला होता. १९४० च्या हंगामात त्याने नऊपैकी एकच सामना जिंकला, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ४८-० असा दारुण पराभव पत्करला. त्यानंतर प्रशिक्षक म्हणून अर्ल ब्लेक याला पाचारण करण्यात आले. तो स्वतः १९२० मध्ये वेस्ट पॉइंटमधून पदवी घेऊन बाहेर पडलेला, काही काळ घोडदळात अधिकारी असलेला, आणि डार्टमथ महाविद्यालयात प्रशिक्षक म्हणून नाव मिळविलेला असा मितभाषी, कडक शिस्तीचा मनुष्य होता. १९४१ मध्ये त्याने सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात ओढली गेली.

युद्धाने देशातील महाविद्यालयीन खेळाची घडी पार विसकटून टाकली. विशी गाठलेले तरुण सैन्यात गेले; कित्येक महाविद्यालयांनी संघ उभे करणेच थांबविले, तर काहींनी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवर काम भागविले. प्रवासावर बंधने आली. १९४२ चा लष्कर-नौदल सामना ॲनापोलिसला झाला तेव्हा वेस्ट पॉइंटच्या छात्रांना तेथे जाता येईना. म्हणून नौदलाच्याच काही छात्रांना शत्रुपक्षाच्या नावाने जयघोष करण्याचा हुकूम झाला! हुकूमच तो, त्यांनी तो पाळला.

या सर्वसाधारण ओहोटीत दोन्ही प्रबोधिन्यांना मात्र भरती आली. प्रबोधिनीत नेमणूक मिळालेल्या तरुणाला पदवी पदरात पडेपर्यंत रणांगणावर जावे लागत नसे. अन्य महाविद्यालयांत आधी खेळून आलेल्यांनाही तेथे खेळण्यास मज्जाव नव्हता. साहजिकच देशातील उत्तमोत्तम खेळाडू तेथे गोळा होऊ लागले. दक्षिण कॅरोलायनातील एका डॉक्टरचा मुलगा फेलिक्स ब्लँचर्ड हा त्यांपैकी एक. वडिलांच्या व्यवसायावरून त्याला सर्वजण ‘डॉक’ म्हणत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रथम वर्षाच्या संघातून खेळून, मग सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखल होऊन, तो १९४४ च्या उन्हाळ्यात वेस्ट पॉइंटला आला. दुसरा कॅलिफोर्नियाचा ग्लेन डेव्हिस. तो आपल्या जुळ्या भावासह १९४३ मध्येच आला होता. पण गणितात नापास झाल्याने त्याला प्रबोधिनी सोडावी लागली आणि पुन्हा तयारी करून १९४४ मध्ये नव्याने प्रवेश घ्यावा लागला. फुटबॉलपटू म्हणून गणित माफ झाले नाही, ही गोष्ट प्रबोधिनीच्या बाजूने नमूद करावयास हवी.

ब्लँचर्ड धिप्पाड, आणि समोरच्या फळीला भगदाड पाडून सरळ मधून घुसणारा. डेव्हिस शिडशिडीत, विजेच्या वेगाने कडेकडेने निसटणारा. वृत्तपत्रांनी एकाला ‘आतले महाशय’ व दुसऱ्याला ‘बाहेरचे महाशय’ अशी नावे दिली, आणि ती कायमची चिकटली. या दोघांच्या जोरावर वेस्ट पॉइंटने १९४४ चे नऊही सामने जिंकले. एकूण गुण ५०४ विरुद्ध ३५. ज्या नोत्र दाम विद्यापीठाला १९३१ नंतर एकदाही हरविता आले नव्हते, त्याचा ५९-० असा फडशा पडला. ब्लेकजवळ गडी इतके होते की तो दोन स्वतंत्र संघ आळीपाळीने मैदानात उतरवीत असे. नौदलाविरुद्धचा अखेरचा सामना बाल्टिमोरला झाला. तिकिटाबरोबर युद्धरोखे घेणे प्रेक्षकांना भाग होते, आणि त्यातून सुमारे ५ कोटी ८६ लाख डॉलर उभे राहिले. हा सामना २३-७ असा जिंकल्यावर पॅसिफिकमधून मॅकआर्थरची तार आली : तुमचे यश साजरे करण्यासाठी आम्ही युद्ध थांबविले आहे. तार अर्थातच विनोदाची होती. परंतु त्याच सुमारास फिलिपाइन्सच्या चिखलात जे विशीतले तरुण मरत होते, त्यांच्या घरच्यांना हा विनोद कितपत मानवला असेल?

१९४५ मध्येही हेच घडले : नऊ सामने, नऊ विजय, गुण ४१२ विरुद्ध ४६. नोत्र दामचा ४८-० असा पराभव. ब्लँचर्डला देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूची हाइझमन ढाल मिळाली. हा हंगाम सुरू झाला तेव्हा जपानने शरणागती पत्करून काही आठवडेच लोटले होते. कोट्यवधी सैनिक अजून परतावयाचे होते, आणि प्रतिपक्षांचे संघ अजून युद्धकालीनच होते.

म्हणूनच खरा प्रश्न १९४६ साली उभा राहिला. युद्धावर गेलेले खेळाडू आता महाविद्यालयांत परत आले होते. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करीत होते, आणि वीस-बावीस वर्षांच्या, कित्येकदा त्याहून थोराड, जग पाहून आलेल्या पुरुषांनी संघ भरून गेले होते. वेस्ट पॉइंटकडे मात्र पहिल्या फळीतील काही गडी उरले होते, त्यांच्या पाठीमागे दुसरी फळी अशी नव्हतीच. ब्लँचर्ड, डेव्हिस, क्वार्टरबॅक आर्नल्ड टकर आणि आणखी सातआठ जण यांनी चढाईतही खेळावयाचे आणि बचावातही. जवळजवळ पुरी साठ मिनिटे. प्रतिपक्षाची उसनवार संपली होती, आणि आपले भांडवल किती हे आता मोजले जाणार होते.

पहिलाच घाव जिव्हारी बसला. २१ सप्टेंबरला व्हिलानोव्हाविरुद्धचा सामना ३५-० असा सहज सुटला खरा, पण त्यात ब्लँचर्डच्या गुडघ्याचे बंध फाटले. पुढच्याच आठवड्यात अध्यक्ष ट्रूमन यांच्या उपस्थितीत ओक्लाहोमाशी गाठ होती. ब्लँचर्डवाचून तो सामना २१-७ असा जिंकला, परंतु ज्यांनी आधीचे दोन हंगाम पाहिले होते त्यांना फरक कळून चुकला. ब्लँचर्ड पुढे परत आला, पण त्याची पूर्वीची सहज मुसंडी त्या वर्षी क्वचितच दिसली. कॉर्नेलने या संघाविरुद्ध २१ गुण मिळविले. वेस्ट पॉइंटने ४६ मिळविले म्हणून बरे. मिशिगनमध्ये जाऊन २०-१३ असा विजय मिळवावा लागला. तेथे टकरचा खांदा दुखावला, आणि डेव्हिसने धावण्याबरोबरच चेंडू फेकण्याचेही काम अंगावर घेऊन सामना ओढून काढला. माझ्या मते त्या वर्षी त्याला जी हाइझमन ढाल मिळाली, ती मुख्यतः या एका दुपारची कमाई होय. कोलंबिया, ड्यूक आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्यावरील विजयांचा येथे केवळ उल्लेख पुरे. ओळीने २५ सामने जिंकून वेस्ट पॉइंटचा संघ ९ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर नोत्र दामसमोर उभा राहिला.

या सामन्याची पार्श्वभूमी ठाऊक असल्याशिवाय त्यातील आच कळणार नाही. नोत्र दामचा प्रशिक्षक फ्रँक लेही हा ५९-० आणि ४८-० या दोन्ही वेळी नौदलात होता. त्याचा क्वार्टरबॅक जॉनी ल्युजॅक याने १९४३ मध्ये, संघाचा मुख्य क्वार्टरबॅक हंगामाच्या मध्यावर नौसैनिक दलात गेल्यामुळे, ऐनवेळी जागा घेऊन याच वेस्ट पॉइंटला २६-० असे हरविले होते. पुढे तो इंग्लिश खाडीत पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या लहान युद्धनौकेवर काम करून आला होता. म्हणजे ज्या दोन वर्षांत वेस्ट पॉइंटने नोत्र दामला धूळ चारली, त्या दोन वर्षांत नोत्र दामचा खरा संघ गणवेशात होता. सैनिकी प्रबोधिनीच्या संघाला युद्धावरून आलेल्या विद्यापीठीय तरुणांनी आव्हान द्यावे, यातील उपरोध तेव्हा कुणाच्याच नजरेतून सुटला नाही. नोत्र दामच्या चाहत्यांनी तर वेस्ट पॉइंटला तिसऱ्यांदा विजेतेपद मिळू न देण्यासाठी एक लुटुपुटीची ‘संस्था’ काढून तिच्या नावाने ब्लेकला पत्रांचा भडिमार चालविला होता.

७४ हजारांवर प्रेक्षक जमले होते. मैदानावर असे चार तरुण होते की १९४५, १९४६, १९४७ आणि १९४९ या चार वर्षांच्या हाइझमन ढाली त्यांच्या नावे लागल्या. एवढी सामग्री असूनही गुणफलक अखेरपर्यंत कोराच राहिला. दोन्ही प्रशिक्षक इतके सावध होते की चूक टाळणे हाच जणू डाव ठरला. दुसऱ्या चरणात नोत्र दाम वेस्ट पॉइंटच्या गोलरेषेपासून सुमारे चार यार्डांवर येऊन ठेपले. लाथेने चेंडू उडवून तीन गुण घेणे शक्य होते. पण लेहीच्या संघाने चौथ्या प्रयत्नात कडेने धाव घेण्याचा बेत केला आणि वेस्ट पॉइंटच्या फळीने तो अडविला. तिसऱ्या चरणात टकरने ल्युजॅकची फेक मध्येच झेलली. त्या दुपारी त्याने अशा तीन फेकी झेलल्या, आणि तेही दुखऱ्या खांद्याने. लगेच ब्लँचर्ड डाव्या बाजूने फळी भेदून मोकळ्या मैदानात शिरला. समोर एकटा ल्युजॅक. मोकळ्या मैदानात ब्लँचर्डला एकट्याने पाडणे ही गोष्ट त्या तीन वर्षांत जवळजवळ अशक्य मानली जात असे. ल्युजॅकने खाली झेप घेऊन त्याचे घोटे धरले आणि त्याला लोळविले. तरीही चढाई थांबली नाही. पण गोलरेषा हाकेच्या अंतरावर असता डेव्हिसने फेकलेला चेंडू नोत्र दामच्या टेरी ब्रेनन याने पकडला. सामना ०-० असा बरोबरीत सुटला.

वृत्तपत्रांनी सामना कंटाळवाणा ठरविला. ते मत एका परीने बरोबरही आहे. मला मात्र असे वाटते की, ५९-० या आकड्यापेक्षा ०-० हा आकडा वेस्ट पॉइंटच्या संघाविषयी अधिक काही सांगतो. ५९-० मध्ये प्रतिपक्षाचे नसणे मोजलेले आहे. ०-० मध्ये दोघांचेही असणे. १९४६ च्या दहा सामन्यांत वेस्ट पॉइंटचे एकूण गुण २६३ विरुद्ध ८० भरतात. १९४४ मध्ये सामन्यागणिक ५६ गुण पडले होते, १९४६ मध्ये २६. निम्म्याहून कमी. तो सारा फरक युद्धाच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे होईल, कारण त्यात ब्लँचर्डचा गुडघा आणि टकरचा खांदाही आहे. पण मोठा वाटा युद्धाचाच.

पेनसिल्व्हेनियाला ३४-७ असे हरविल्यावर उरला फक्त नौदलाचा सामना. ३० नोव्हेंबरला फिलाडेल्फियात सुमारे एक लाख लोक जमले. अध्यक्ष ट्रूमनही आले. या सामन्यात चुरस होईल असे कुणालाच वाटले नव्हते, कारण नौदलाच्या संघाने त्या हंगामात एकच सामना जिंकून ओळीने सात गमावले होते. मध्यंतराला वेस्ट पॉइंट २१-६ असे पुढे होते. डेव्हिसने एक टचडाउन केला होता, ब्लँचर्डने ५२ यार्ड धावून दुसरा, आणि डेव्हिसची फेक झेलून तिसरा. तिन्ही वेळा जादा गुणाची लाथ अचूक बसली होती.

उत्तरार्धात चक्र फिरले. दुसरी फळी नसलेला संघ थकला, आणि नौदलाने दोन टचडाउन करून फलक २१-१८ वर आणला. नौदलाला तीन वेळा जादा गुणाची संधी मिळाली आणि तिन्ही वेळा ती हुकली. नाहीतर फलक बरोबरीत आला असता. सामना संपावयास सुमारे दीड मिनिट उरले असता नौदलाचे गडी वेस्ट पॉइंटच्या गोलरेषेपासून तीन यार्डांवर येऊन पोहोचले. चार प्रयत्न हाताशी. प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानाच्या कडेपर्यंत घुसले होते, त्या गर्दीतून रेषा नीट दिसेना. नौदलाने दोनदा सरळ मुसंडी मारली, दोनदा फळीने ती परतविली. घड्याळ थांबविण्यासाठी विश्रांतीचा जास्तीचा काळ मागितला म्हणून पाच यार्डांचा दंड झाला. तिसऱ्या प्रयत्नात धावणाऱ्या गड्याला मैदानाबाहेर पडून घड्याळ थांबवावयाचे होते; त्याला रेषेच्या आतच पाडण्यात आले, आणि पुन्हा उभे राहण्यापूर्वी वेळ संपली. तो मैदानाबाहेर गेला होता की नव्हता याविषयी नौदलाच्या मंडळींचे समाधान पुढे कधीच झाले नाही.

दोन दिवसांनी क्रीडापत्रकारांच्या मतदानाचा अंतिम निकाल लागला. त्यात नोत्र दामला पहिले स्थान मिळाले, वेस्ट पॉइंटला दुसरे. तीन वर्षांत २७ विजय, एक बरोबरी आणि एकही पराभव नाही, असा हिशेब असूनही तिसरे विजेतेपद निसटले ते नौदलाविरुद्धच्या त्या तीन यार्डांमुळे, असे ब्लेकला वाटत राहिले असेल तर त्यात नवल नाही. वर्षअखेरीस दोन्ही संस्थांनी आपापसांतील सामन्यांची परंपरा खंडित करण्याचे जाहीर केले. सामन्याला आलेले अवाढव्य स्वरूप आता संस्थांच्या आटोक्यात राहिलेले नाही, असे त्यांनी कारण दिले. प्रबोधिनीचा त्या वेळचा अधीक्षक मॅक्सवेल टेलर हा युद्धात छत्रीधारी सैन्याच्या तुकडीचा सेनापती होता. फुटबॉलमुळे निर्माण होणाऱ्या वैराचे कौतुक असल्या माणसाला फारसे नसावे.

१९४७ च्या आरंभी ब्लँचर्ड आणि डेव्हिस यांच्यापुढे नवीच अडचण उभी राहिली. व्यावसायिक संघ त्यांना मोठ्या रकमा देऊ करीत होते. सैन्यातील नोकरीतून रजा घेऊन खेळता यावे अशी विनंती युद्धखात्याकडे गेली, आणि ती नामंजूर झाली. ज्या सवलतीमुळे त्यांना युद्धकाळात रणांगणाऐवजी क्रीडांगण मिळाले, तिची परतफेड आता सेवा करून करावयाची होती. निदान जनमताचा कौल तसा होता. जूनमध्ये दोघेही पदवी घेऊन बाहेर पडले. डेव्हिसने कोरियात नोकरी केली आणि पुढे लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघातून थोडा काळ खेळला, पण गुडघ्याच्या जुन्या दुखण्याने त्याचा वेग हिरावला होता. ब्लँचर्ड हवाई दलात वैमानिक झाला. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्या विमानाला आग लागली, तेव्हा खाली वस्ती आहे हे पाहून त्याने उडी न मारता विमान सुखरूप धावपट्टीवर उतरविले. व्हिएतनामच्या युद्धात त्याने शंभरावर उड्डाणे केली, आणि १९७१ मध्ये तो निवृत्त झाला.

१९४४ च्या त्या अजिंक्य संघाचा कप्तान टॉम लोंबार्डो याला मात्र दीर्घायुष्य लाभले नाही. ज्या युद्धात तो खेळला त्यात त्याला लढावे लागले नाही. पुढच्या युद्धात, सप्टेंबर १९५० मध्ये, तो कोरियात मारला गेला. प्रबोधिनीतील त्याच्या संघाची अपराजित मालिका त्याच्या हयातीतच संपली होती. २५ ऑक्टोबर १९४७ रोजी कोलंबिया विद्यापीठाने वेस्ट पॉइंटला ३२ सामन्यांनंतर प्रथमच हरविले : २१-२०, अवघ्या एका गुणाने.